स्पिटफायरची ताकद वाढवण्याआधी: ट्रनियन, थ्रस्ट वॉशर आणि मागची कमान

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. आपण लेस्टरला राहता, या मार्चमध्ये १९७७ ची ट्रायम्फ स्पिटफायर १५०० घेतली आहे आणि तिच्यासाठी दोन हजार पौंड बाजूला ठेवले आहेत. दोन वेबर कार्ब्युरेटर, तेज कॅमशाफ्ट, गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा आणि रुंद चाके यांपैकी आधी काय करावे, असे आपण विचारले आहे. शेवटी जाता जाता आपण आणखी तीन गोष्टी लिहिल्या आहेत: ताशी साठ मैलांच्या पुढे गाडी सरळ चालत नाही, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की मागून ‘टक्’ असा आवाज येतो, आणि गाडी तापल्यावर सिग्नलला उभी असताना तेलाचा लाल दिवा लुकलुकतो. माझ्या मते आपला खरा प्रश्न या शेवटच्या तीन ओळींत आहे, म्हणून उत्तरही मी तिथूनच सुरू करतो.

माझ्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सगळे मी हाताखालून गेलेल्या गाड्यांच्या आधारावर लिहीत आहे. पुण्यात एका गॅरेजात मी काम शिकलो तेव्हा तिथे स्टँडर्ड हेराल्ड अजून येत असत. ही मद्रासला बनलेली गाडी म्हणजे इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डचेच भारतीय रूप होते, आणि स्पिटफायरचा जन्मही त्याच हेराल्डच्या चासीतून झाला. पुढे मी कॉव्हेंट्रीजवळ आलो आणि जिथे स्पिटफायर तयार होत असे त्या कॅन्लेपासून थोड्याच अंतरावर गेली चोवीस वर्षे याच गाड्यांवर काम करतो आहे. तरीही आपली गाडी मी पाहिलेली नाही. आधीच्या मालकांनी तिला कसे वागवले, पत्र्याखाली किती गंज आहे, आणि आपल्याला ती रविवारच्या फेरफटक्यासाठी हवी आहे की ट्रॅकवर न्यायची आहे, यावर उत्तराचा बराच भाग अवलंबून राहील. आपल्या लिहिण्यावरून मी असे धरतो आहे की गाडी रस्त्यावरच चालवायची आहे आणि वळणावळणाच्या रस्त्यांवर तिचा आनंद घ्यायचा आहे.

हलक्या गाडीचे गणित वेगळे असते. आपली स्पिटफायर साधारण आठशे किलोंची आहे आणि नवीन असताना तिचे इंजिन ७१ अश्वशक्ती देत असे. वजनदार गाडीत एखादा बुश, म्हणजे सांध्यातला रबरी गुटका, झिजला तर तिचे वजन, जाड रबर आणि लांब व्हीलबेस मिळून तो दोष बऱ्यापैकी झाकून टाकतात. इथे मात्र चालक जवळजवळ मागच्या चाकांवरच बसलेला असतो आणि चासी मधल्या कण्यासारखी अरुंद असते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचा सैलपणाही हाताला आणि बुडाखाली जाणवतो. याचा फायदा असा की गाडी मुळाबरहुकूम घट्ट केली, तर एक अश्वशक्तीही न वाढवता ती निराळीच वाटू लागते. पहिल्यांदा स्पिटफायर घेतलेल्या बहुतेकांनी चांगल्या स्थितीतली स्पिटफायर कधी चालवलेलीच नसते, आणि मग ते नसलेल्या उणिवा भरून काढण्यासाठी पैसे खर्च करतात.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, कारण तिचा संबंध जिवाशी आहे. पुढच्या प्रत्येक चाकाच्या आत एक उभी पोलादी लिंक असते. तिच्या खालच्या टोकाला आटे असतात आणि ते आटे पितळी रंगाच्या एका ठोकळ्यात, म्हणजे ट्रनियनमध्ये, फिरतात. स्टिअरिंग वळवता तेव्हा चाक याच आट्यांवर फिरते, आणि गाडीच्या पुढच्या भागाचे वजनही तिथूनच चाकाकडे जाते. या आट्यांना ग्रीस चालत नाही, तिथे ईपी ९० दर्जाचे गिअर ऑइलच लागते. ग्रीस आट्यांच्या खोलीपर्यंत पोहोचत नाही, वरवर राहून सुकते आणि कडक होते, मग पावसाचे पाणी आत शिरून मुरते. पोलाद आतून गंजत जाते, आट्यांच्या वरच्या टोकाशी लिंक बारीक होते आणि एके दिवशी तुटते. बहुतेक वेळा हे पार्किंगमध्ये, स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना घडते, हे त्यातल्या त्यात नशीब. वेगात घडले तर चाक आडवे होऊन मडगार्डखाली जाते.

मागच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या एका गाडीत मी दोन्ही बाजू एकाच दिवशी उघडल्या. मालकाकडे दरवर्षीच्या सर्व्हिसिंगची बिले व्यवस्थित लावलेली होती आणि त्यावर ‘ट्रनियन ग्रीसिंग’ असे दर वेळी लिहिलेले होते. डावी लिंक बाहेर काढली तेव्हा आट्यांच्या खाचांत साबणाच्या वडीसारखे घट्ट झालेले ग्रीस होते, त्याखाली विटकरी रंगाची पूड, आणि ती पुसल्यावर पोलादावर मोहरीच्या दाण्याएवढे खड्डे. उजव्या बाजूला कधीतरी कुणीतरी तेल भरले असावे, कारण तिथे आटे मधासारख्या रंगाच्या तेलात न्हालेले होते आणि कडा नव्यासारख्या धारदार होत्या. गाडी एकच, धावलेले मैल तेवढेच, फरक फक्त आत काय भरले याचा. पुण्यातले माझे मेस्त्री हेराल्ड जॅकवर चढली की पोऱ्याच्या हातातली ग्रीसगन आधी काढून घेत असत. त्याचे कारण मला त्या वयात कळले नव्हते.

आपण असे करावे: गाडीचा पुढचा भाग उचलून स्टँडवर ठेवावा, ट्रनियनच्या निपलला ईपी ९० भरलेली गन लावावी, आणि वरच्या सीलमधून स्वच्छ तेल बाहेर येईपर्यंत, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवत, तेल भरत राहावे. निपलच्या जागी मूळचा बंद प्लग असेल तर तो काढून निपल बसवावा. बाहेर ग्रीस किंवा तपकिरी पाणी आले, किंवा तेल आत जातच नसेल, तर तेल भरून समाधान मानू नये. लिंक सोडवून आटे डोळ्यांनी पाहावेत, आणि खड्डे दिसले तर लिंक व ट्रनियन दोन्ही बदलावेत. डाव्या आणि उजव्या बाजूच्या आट्यांची दिशा उलट असते, त्यामुळे सुटे भाग मागवताना बाजू नीट सांगावी. बसवताना ट्रनियन शेवटपर्यंत आवळून ठेवू नये. तो तळाला लागल्यावर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळेल इतका मागे फिरवावा, नाहीतर पूर्ण वळणावर आटेच अडतात आणि लिंकवर नको तो ताण येतो.

दुसरी तपासणी इंजिनाची. तिचे दोन भाग आहेत: आधी क्रँकशाफ्ट, मग आपला लुकलुकणारा दिवा. क्रँकशाफ्टला पुढे-मागे सरकू न देण्यासाठी मागच्या मेन बेअरिंगच्या दोन्ही अंगांना अर्धचंद्रासारखे दोन थ्रस्ट वॉशर असतात. क्लच दाबला की त्याचा सगळा जोर क्रँकला पुढे ढकलतो आणि तो जोर मागच्या वॉशरवर येतो. सिग्नलला गाडी गिअरमध्ये ठेवून क्लच दाबून बसण्याची सवय असलेल्या चालकाच्या गाडीत हा वॉशर हमखास लवकर झिजतो. झिजता झिजता इतका पातळ होतो की जागेवरून निसटून खाली तेलाच्या सम्पमध्ये पडतो. त्यानंतर क्रँक थेट ब्लॉकचे लोखंड खाऊ लागतो, आणि अशा ब्लॉकची दुरुस्ती सहसा परवडत नाही.

तपासणी घरी होऊ शकते. बॉनेट पुढे उघडला की चाकांसकट सगळे इंजिन समोर येते, या गाडीवर काम करण्याचे ते एक मोठे सुख आहे. इंजिन बंद ठेवून क्रँकच्या पुढच्या पुलीकडे पाहत राहा आणि कुणाला तरी क्लच दाबून सोडायला सांगा. पुली डोळ्यांना दिसेल इतकी सरकत असेल तर पुढे गाडी चालवू नये. डायल गेज लावता आला तर उत्तमच. माझ्या कामात मी साधारण ०.२ मिलिमीटरचा प्ले, म्हणजे पुढे-मागे सरकण्याची मोकळीक, ठेवतो, आणि ०.३५ च्या पुढे आकडा गेला की सम्प काढतो. वॉशर बदलण्यासाठी इंजिन खाली उतरवावे लागत नाही. सम्प आणि मागच्या मेन बेअरिंगची कॅप काढली की जुने वॉशर सरकवून काढता येतात आणि नवीन, गरज असेल तर जास्त जाडीचे, बसवता येतात. खाचा असलेली बाजू क्रँककडे आली पाहिजे. हे उलटे बसवलेले इंजिन मी एकाहून अधिक वेळा उघडले आहे.

दिवा लुकलुकण्यामागे फक्त थकलेला स्विच किंवा पातळ झालेले तेलही असू शकते, हे मान्य. म्हणूनच आपल्या दोन हजार पौंडांतला पहिला खर्च तेलाच्या दाबाच्या एका साध्या यांत्रिक गेजवर करावा. या गाडीला मूळचा असा गेज नाही, केवळ दिवा आहे, आणि दिवा लागतो तेव्हा बहुतेक वेळा उशीर झालेला असतो. चांगले २०-डब्ल्यू-५० तेल आणि उलटा प्रवाह रोखणारी झडप असलेला फिल्टर घालून, गाडी पूर्ण तापवून, मिनिटाला २००० फेऱ्यांवर दाब पाहावा. दर चौरस इंचाला ४० पौंडांच्या वर असेल तर मी निश्चिंत होतो. ३० च्या खाली असेल तर क्रँकची बिग एंड आणि मेन बेअरिंग उघडून पाहण्याचे काम आधी, आणि कॅमशाफ्टचा विचार पुढच्या वर्षी. मात्र पुलीची तपासणी दाब चांगला असला तरी करायचीच आहे, कारण थ्रस्ट वॉशर झिजल्याचे दाबाच्या गेजवर कळत नाही.

आता मागून येणारा ‘टक्’ आवाज आणि गाडीचे भरकटणे. स्पिटफायरच्या मागच्या रचनेत प्रत्येक चाकाचा अर्धा अ‍ॅक्सल डिफरन्शियलजवळच्या युनिव्हर्सल जॉइंटवर, म्हणजे आपल्याकडचे मेस्त्री ज्याला ‘क्रॉस’ म्हणतात त्यावर, वरखाली झुलतो. दुसऱ्या बऱ्याच गाड्यांत क्रॉस फक्त ताकद पोहोचवतो. इथे तो सस्पेन्शनची बिजागरीही आहे, म्हणून तो सैल झाला की चाकाचा कोनच बदलत राहतो. आवाज आणि भरकटणे ही दोन्ही लक्षणे त्यामुळे एकाच भागातून येऊ शकतात. हँडब्रेक सोडून, मागचे चाक उचलून, हाताने पुढे-मागे हिसका द्यावा आणि दुसरा हात क्रॉसवर ठेवावा. खुटखुट बोटांना लगेच कळते. त्याच वेळी डिफरन्शियलची रबरे, पुढून येणाऱ्या रेडियस आर्मचे बुश आणि मागच्या आडव्या कमानीच्या, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगच्या, टोकांचे बुश पाहून घ्यावेत. पुढे स्टिअरिंग रॅकला धरून ठेवणारी रबरे तेलाने मऊ होतात आणि मग स्टिअरिंग फिरवले की आधी रॅक सरकतो, नंतर चाक वळते. टायरच्या कडेवरचा चार आकडी शिक्काही पाहावा. ‘१४०९’ म्हणजे २००९ सालचा चौदावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी इतक्या जुन्या टायरचे रबर कडक झालेले असते, आणि असल्या टायरवर कुठलेही अलाइनमेंट करण्यात अर्थ नाही.

मागच्या चाकांबद्दल आपण कुठेतरी भीतिदायक गोष्टी वाचल्या असतील. त्या खऱ्या आहेत, पण प्रामुख्याने १९७० पूर्वीच्या गाड्यांना लागू होतात. त्या गाड्यांत वळणावर अचानक पाय काढला की मागचा भाग उचलला जाई, चाके आत दुमडत आणि पकड क्षणात सुटत असे. भारतात १९७२ साली आलेल्या स्टँडर्ड गॅझेलमध्ये हा झुलता अ‍ॅक्सल काढून सरळ अखंड अ‍ॅक्सल बसवण्यात आला. ट्रायम्फने स्पिटफायरसाठी दुसरा मार्ग काढला. १९७० च्या मार्क ४ पासून कमानीचा फक्त सर्वांत खालचा पाटा घट्ट बांधला आणि वरचे पाटे मधल्या बिंदूवर डुलते ठेवले, त्यामुळे गाडी कलताना मागची कमान कमी ताठरपणा दाखवते. त्याची भरपाई पुढचा अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर गाडीचे कलणे रोखणारी आडवी सळई, जाड करून केली. १९७३ मध्ये मागचे अ‍ॅक्सल लांब करून चाकांमधले अंतरही वाढवले. आपली १९७७ ची गाडी या सगळ्या सुधारणांनंतरची आहे. तिच्यातली ही मांडणी पूर्ण अभ्यासातून आलेली आहे, आणि म्हणूनच ती अर्धवट बदलणे धोक्याचे आहे. जाड अँटी-रोल बार काढून टाकलेला किंवा कमान जुन्या पद्धतीची बसवलेली गाडी विकत घेतली असेल, तर तेवढे आधी मूळपदावर आणावे.

गाडी खाली बसवण्याबद्दल माझे मत स्पष्ट आहे: एक इंच पुरे. मागे कमानीखाली ठोकळा घालून तेवढे खाली आणले की चाकांना थोडा आतला कल मिळतो आणि वळणावर मागचा भाग अधिक विश्वासाने बसतो. त्याहून खाली गेलात तर सस्पेन्शनला वर जायला जागा राहत नाही, आणि खड्ड्यात गाडी थेट बंप स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी अडणीवर, आपटते. स्प्रिंगा फार कडक घेऊ नयेत, कारण उघड्या टपाच्या या गाडीत चासी आणि दारांखालच्या सिल्स मिळूनच ताठपणा देतात. कडक स्प्रिंगा धक्का गिळत नाहीत, तो पत्र्याकडे ढकलतात. चांगले, जुळवून घेता येणारे शॉक अ‍ॅब्सॉर्बर हा मात्र मी मनापासून सुचवतो असा बदल आहे.

सिल्सचा विषय निघालाच आहे तर दाराच्या मागच्या कडेची फट पाहा. वरती अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधून खचली आहे, आणि मग क्रॉस, बुश आणि स्प्रिंगांच्या कामाआधी वेल्डिंग आले. ते करताना दार चौकटीत लावलेले ठेवून, आतून आधाराची सळई जोडून, एका वेळी एकच बाजू कापावी.

चाकांबद्दल थोडक्यात: मूळ टायर १५५ रुंदीचे, १३ इंची चाकांवर होते. साडेपाच इंची हलक्या चाकांवर १७५/७० ही माझी मर्यादा आहे. त्याहून रुंद चाकांनी स्टिअरिंग जड होते आणि पुढच्या बेअरिंगवर भार वाढतो. शिवाय हलकेपणाने वळण्याचा जो गुण आपण पैसे देऊन घेतला, तोच जातो.

शेवटी इंजिनाची ताकद. आपल्या १४९३ सीसी इंजिनाचा स्ट्रोक ८७.५ मिलिमीटर आहे. त्याच कुटुंबातल्या आधीच्या १२९६ सीसी इंजिनाचा तो ७६ होता, बोअर मात्र दोघांचा सारखाच, ७३.७. म्हणजे ६००० फेऱ्यांवर आपला पिस्टन सरासरी सेकंदाला साडेसतरा मीटर धावतो आणि छोट्या इंजिनाचा सव्वापंधरा. तीनच मेन बेअरिंग असलेल्या क्रँकवर हा फरक लहान नाही. तेज कॅमशाफ्ट आणि वेबर आपला गुण दाखवतात ते वरच्या फेऱ्यांवर, म्हणजे नेमके तिथे जिथे हे इंजिन दुबळे आहे. आणि खालच्या फेऱ्यांवरचा जो मऊ, भरपूर ओढा या इंजिनाचा खरा गुण आहे, तो ते कमी करतात. म्हणून रस्त्यावरच्या १५०० ला मी वेबर लावत नाही. मूळच्या दोन एसयू कार्ब्युरेटरांचे झिजलेले स्पिंडल बदलून हवेची गळती बंद करावी, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवावे, चांगला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लावावा आणि रोलिंग रोडवर, म्हणजे गाडी जागेवरच रोलरांवर चालवून तपासणाऱ्या यंत्रावर, कार्ब्युरेटरच्या सुया व इग्निशनचे टायमिंग जुळवून घ्यावे. हेड पुढेमागे उघडलेच तर कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घ्याव्यात, कारण शिशाविना पेट्रोलवर मूळच्या सीट झिजतात. २०२१ पासून इथे साधे पेट्रोल दहा टक्के इथेनॉलचे झाले आहे. तेव्हा रबरी नळ्या आर ९ दर्जाच्या घालाव्यात आणि शक्यतो सुपर पेट्रोल वापरावे.

ताकदीचे आणखी एक गणित असे. चाळीस किलो वजन कमी करणे म्हणजे या गाडीत पाच टक्के, आणि ते साडेतीन अश्वशक्ती वाढवल्यासारखेच आहे. मात्र तो फायदा ब्रेक लावताना आणि वळतानाही मिळतो. हलकी चाके, हलकी बॅटरी, डिकीतले अनावश्यक सामान यातून सुरुवात होते. पत्रा कापून वजन कमी करण्याच्या मी विरुद्ध आहे.

कायद्याचा एक मुद्दा आपल्याला कुणी सांगितला नसेल. चाळीस वर्षांवरील गाडी इथे एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याच्या वार्षिक तपासणीतून, मुक्त असते, पण चासी, सस्पेन्शनची पद्धत किंवा इंजिनाचा प्रकार गेल्या तीस वर्षांत मूलतः बदललेला असेल तर ती सवलत राहत नाही. मी सुचवलेले बदल त्या मर्यादेत बसतात. तरीही विमा कंपनीला प्रत्येक बदल लेखी कळवावा, आणि सवलत असली तरी वर्षातून एकदा स्वेच्छेने एमओटी करून घ्यावी. दुसऱ्या जोडीच्या डोळ्यांनी गाडी खालून पाहिलेली चांगली.

तेव्हा क्रम असा: ट्रनियन, क्रँकचा प्ले, दाबाचा गेज, सिल्स, क्रॉस आणि बुश, टायर व अलाइनमेंट, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, मग इग्निशन आणि कार्ब्युरेटर. माझ्या अंदाजाने पहिल्या सहा गोष्टींतच आपले बरेचसे पैसे संपतील. त्यानंतर हजारेक मैल गाडी चालवा आणि मग वेबरचा प्रश्न पुन्हा विचारा, मी तेव्हाही सविस्तर लिहीन.

ट्रनियनमध्ये तेल जाते का आणि क्लच दाबल्यावर पुली किती सरकते, या दोन तपासण्या होईपर्यंत मात्र कृपया गाडी रस्त्यावर काढू नका. दोन्ही मिळून एका शनिवारच्या सकाळचे काम आहे. पुलीचा आकडा आणि ट्रनियनमधून बाहेर आलेल्या तेलाचा रंग इथेच लिहून कळवा, म्हणजे सम्प काढायचा की नाही हे मला नेमके सांगता येईल.